जॅग्वार एफ-टाइप: आधी उघडी, मग छताची. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एफ-टाइप ही नेमकी कोणत्या वर्गातली गाडी?

दोन दारं, दोनच सीट, पुढे इंजिन आणि मुळात मागच्या चाकांना ताकद. स्पोर्ट्स कारची ही जुनी मांडणी जॅग्वारने २०१३ ते २०२४ या काळात आलिशान केबिनसकट पुन्हा बाजारात ठेवली. कापडी टपाची कन्व्हर्टिबल आणि पक्क्या छताची कूपे अशा दोन रूपांत ती मिळायची. कंपनीतलं तिचं सांकेतिक नाव एक्स१५२. लांबी ४,४७० मिलिमीटर, म्हणजे बाहेरून ती फार मोठी नाही, पण रुंद आणि बुटकी असल्याने रस्त्यावर प्रत्यक्षापेक्षा मोठी भासते.

खाली मुख्यतः ती घडली कशी, याबद्दलचे प्रश्न आहेत. विकत घेण्याविषयीचे थोडे शेवटी.

ई-टाइपनंतर एफ-टाइप यायला एवढी वर्षं का लागली?

ई-टाइप ही जॅग्वारची जुनी स्पोर्ट्स कार. ती १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हात लोकांसमोर आली, तीही पहिल्या दिवसापासून कूपे आणि रोडस्टर (दोन सीटची उघडी गाडी) अशा दोन्ही रूपांत. तिचं उत्पादन १९७४ मध्ये थांबलं. तिच्या जागी जी आली ती एक्सजे-एस, १९७५ मध्ये. ही लांब पल्ल्याची ऐसपैस गाडी होती आणि सुरुवातीला फक्त कूपे. कारण अमेरिकेत उघड्या गाड्यांवर बंदी येणार अशी तेव्हा साऱ्या उद्योगाला धास्ती होती, आणि अमेरिका हीच जॅग्वारची मोठी बाजारपेठ. बंदी काही आली नाही. पण त्या धास्तीपायी पूर्ण उघडी एक्सजे-एस यायला १९८८ उजाडलं. मध्ये १९८३ मध्ये एक्सजे-एससी नावाची अर्धवट उघडी, वर चौकट तशीच ठेवलेली आवृत्ती निघाली होती.

खऱ्या अर्थाने ई-टाइपची वारस म्हणावी अशी गाडी १९८० च्या दशकात आकार घेत होती. कूपेचं सांकेतिक नाव एक्सजे४१, उघड्या गाडीचं एक्सजे४२. काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, गाडी जड होत गेली. फोर्डने जॅग्वार ताब्यात घेतल्यावर १९९० मध्ये हा प्रकल्प बंद केला. त्याचे धागे मात्र वाया गेले नाहीत. टीडब्ल्यूआर या कंपनीने एक्सजे-एसच्या पायावर ती कल्पना पुढे नेली आणि त्यातून ॲस्टन मार्टिनची डीबी७ जन्मली. ती रेखाटणारा डिझायनर होता इयान कॅलम. पुढे १९९९ मध्ये तोच जॅग्वारचा डिझाइनप्रमुख झाला, आणि एफ-टाइपही त्याच्याच हाताखाली घडली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर योगायोग आहे.

मधला आणखी एक प्रयत्न सांगायला हवा. २००० च्या डेट्रॉइट प्रदर्शनात कीथ हेल्फेट या डिझायनरने साकारलेली एक छोटी, मोहक रोडस्टर मांडली गेली होती. तिचं नावच एफ-टाइप होतं. लोकांनी डोक्यावर घेतली, पण तीही कारखान्यापर्यंत पोचली नाही.

यात टाटांचा वाटा किती?

टाटा मोटर्सने २००८ च्या जूनमध्ये जॅग्वार आणि लँड रोव्हर हे दोन्ही ब्रँड फोर्डकडून मिळून सुमारे २.३ अब्ज डॉलरला घेतले. त्याच वर्षी जगभर मंदी आली. मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीने हा बोजा का उचलला, असं तेव्हा आपल्याकडेही उघड विचारलं जात होतं.

गाडी इंग्लंडमध्ये रेखाटली गेली, तिथेच घडली, तिथल्याच इंजिनिअरांनी तिचं वागणं ठरवलं. ती ‘भारतीय’ आहे असं म्हणणं त्या माणसांवर अन्याय ठरेल. पण दोन मालकांच्या काळात अडकलेली गाडी तिसऱ्या मालकाच्या काळात रस्त्यावर आली, हेही खरं. दोन सीटची स्पोर्ट्स कार फारशी खपत नाही, तिच्यावरचा खर्च कागदावर पटवून देणं अवघड. तो खर्च मंजूर होणं हाच मालकाचा वाटा, आणि मला तो मोठा वाटतो.

सी-एक्स१६ ही संकल्पना-गाडी तर कूपे होती. मग आधी कन्व्हर्टिबल का आली?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि रास्त आहे.

सी-एक्स१६ सप्टेंबर २०११ मध्ये फ्रँकफर्टला दिसली. पक्क्या छताची, मागे उतरत गेलेली कंबर, ई-टाइप कूपेसारखं बाजूला उघडणारं मागचं दार, आणि सुपरचार्ज्ड (आत जादा हवा कोंबणाऱ्या) व्ही६, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या सहा सिलिंडरांच्या, इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर. लोकांनी ती पाहिली आणि हीच हवी म्हणाले. पण वर्षभराने, २०१२ च्या सप्टेंबरमध्ये पॅरिसला जी विक्रीयोग्य गाडी आली, ती उघडी होती. विक्री २०१३ मध्ये सुरू झाली. कूपे त्यानंतर, नोव्हेंबर २०१३ मध्ये लॉस एंजेलिस आणि टोकियोच्या प्रदर्शनांत दाखवली गेली.

मला यामागे दोन कारणं दिसतात. एक बाजाराचं. तेव्हा कंपनीकडे एक्सके ही मोठी गाडी कूपे आणि कन्व्हर्टिबल अशा दोन्ही रूपांत विक्रीला होतीच. नव्या गाडीने वेगळं काहीतरी म्हणायचं, तर उघड्या छोट्या स्पोर्ट्स कारने ते चटकन म्हटलं जातं. दुसरं कारण इंजिनिअरिंगचं, आणि ते मला अधिक पटतं. छत नसताना मजबूत राहील असा सांगाडा आधी बांधला, तर पुढे त्यावर छत चढवल्यावर मजबुती वाढतच जाते. उलट्या क्रमाने गेलं, कूपे आधी करून मग तिचं छत कापलं, तर ठिकठिकाणी ठिगळं लावत बसावं लागतं आणि वजन वाढत जातं. कूपे कापून बनवलेल्या कित्येक कन्व्हर्टिबल खड्ड्यातून जाताना आरसा थरथरवतात, ते याच कारणाने.

छत काढल्याने गाडीत एवढा काय फरक पडतो?

बुटांचं खोकं झाकणासकट हातात धरून पिळून बघा, मग झाकण काढून पिळा. आधुनिक गाडीचा सांगाडा म्हणजे असं सगळ्या बाजूंनी बंद खोकं. वळणावर एका चाकावर जास्त भार आला, की गाडीचा पुढचा भाग एकीकडे आणि मागचा दुसरीकडे पिळला जातो. हा पीळ जितका कमी, तितकं सस्पेन्शनला आपलं काम नीट करता येतं, कारण स्प्रिंग ज्याला टेकते ती जागाच हलत नाही.

या पिळाला किती प्रतिकार होतो ते न्यूटन-मीटर प्रति अंश या मापात सांगतात. एफ-टाइप कूपेचा आकडा ३३,००० आहे. कंपनीच्या म्हणण्यानुसार तो कन्व्हर्टिबलपेक्षा ८० टक्क्यांनी जास्त, म्हणजे कन्व्हर्टिबलचा १८ हजारांच्या आसपास येतो. उघड्या गाडीसाठी हा वाईट नाही. दारांखालून जाणाऱ्या पोकळ तुळया, मधला गिअरबॉक्सचा बोगदा आणि काचेची चौकट, या तिघांवर सगळा भार पेलला आहे. पण ८० टक्क्यांचा फरक हातांना जाणवतो. स्टिअरिंग वळवल्यावर गाडी ज्या क्षणी प्रतिसाद देते, तो क्षण कूपेत अलीकडे येतो.

आणि या फायद्यासाठी वजन मोजावं लागलेलं नाही. कूपे आणि कन्व्हर्टिबल यांच्या वजनात पंधरा-वीस किलोंचाच फरक आहे, तोही कूपेच हलकी.

कूपे बनवताना नवीन काय करावं लागलं?

दारांच्या पुढचा भाग, इंजिन, सस्पेन्शन हे सगळं तेच. नवीन काम होतं ते बाजूच्या पत्र्याचं. काचेच्या पुढच्या खांबापासून छताच्या कडेवरून मागच्या चाकावरच्या फुगीर भागापर्यंतचा सगळा पत्रा ॲल्युमिनियमच्या एकाच तुकड्यातून दाबून काढलेला आहे. मध्ये सांधा नाही. आकार इतका खोल आहे की ॲल्युमिनियम ताणलं जाऊन फाटण्याचा धोका असतो, कारण पोलादाइतकं ते ताण सहन करत नाही. म्हणूनच बहुतेक कंपन्या असा भाग दोन-तीन तुकड्यांत करून जोडतात आणि सांधा पट्टीखाली लपवतात. इथे ती पट्टी नाही. कूपेच्या मागच्या चाकावरचा उंचवटा इतका सलग दिसतो त्याचं कारण हेच. छताला आतून आधार देणारी तुळईही ॲल्युमिनियमची आहे, आत पाण्याचा प्रचंड दाब देऊन आकार दिलेली.

सी-एक्स१६ चं बाजूला उघडणारं मागचं दार मात्र उत्पादनात आलं नाही. कूपेचं मागचं दार नेहमीसारखं वर उघडतं. व्यवहाराच्या दृष्टीने योग्यच.

पूर्ण ॲल्युमिनियमची बॉडी हा नवा प्रयोग होता का?

नाही. २००३ च्या एक्सजे सेडानपासून जॅग्वार हे करत होती आणि २००६ ची एक्सकेही तशीच होती. विमानबांधणीत असतं तसं पत्रे रिव्हेट मारून आणि विशेष चिकटद्रव्याने जोडायचे, वेल्डिंग जवळपास टाळायचं. एफ-टाइपचा सांगाडा त्याच एक्सकेच्या अनुभवातून आला. फक्त दोन चाकांमधलं अंतर १३ सेंटिमीटरने कमी केलं आणि मागच्या नावापुरत्या सीट काढून टाकल्या.

ती बनायची बर्मिंगहॅमजवळच्या कॅसल ब्रॉमविच कारखान्यात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची स्पिटफायर लढाऊ विमानं मोठ्या संख्येने याच कारखान्यात तयार झाली. रिव्हेट मारलेलं ॲल्युमिनियम त्या आवाराला आधीपासून ओळखीचं होतं.

पत्र्याचं घडी होणारं छत का दिलं नाही?

२०१० च्या आसपास पत्र्याच्या फोल्डिंग छताची फॅशन होती खरी. पण ते छत जड असतं, ते वजन गाडीच्या सर्वांत उंच जागी बसतं, आणि घडी केल्यावर ठेवायला मागे मोठी जागा लागते. त्यासाठी गाडीचा मागचा भाग उंच आणि जाड करावा लागतो. एफ-टाइपची मागची बाजू बारीक आणि उतरती ठेवायची, हे डिझाइनरांचं आधीच ठरलेलं होतं.

कापडी टप इंग्रजी झेड अक्षरासारखा घडी होतो आणि घडी झाल्यावर त्याचाच पुढचा भाग वर येऊन झाकणाचं काम करतो. त्यामुळे वेगळं झाकण लागत नाही. बटण दाबल्यावर १२ सेकंदांत उघडतो, ताशी ५० किलोमीटर वेगापर्यंत चालत्या गाडीतही. आत उष्णता आणि आवाज अडवणारा थर आहे. सिग्नलला उभं असताना पहिला थेंब पडला तर १२ सेकंद पुरतात.

डिकी खरंच एवढी लहान आहे?

कन्व्हर्टिबलची, हो. जेमतेम २०० लिटर, तीही वेड्यावाकड्या आकाराची. वजन पुढे-मागे समान वाटलं जावं म्हणून बॅटरीही मागे नेली आहे, तिनेही जागा खाल्ली. कूपेत आतलं झाकण काढलं तर ४०७ लिटर मिळते. मुंबईहून चार दिवसांसाठी कोकणात उतरायचं असेल, दोघांच्या बॅगा कूपेत आरामात बसतील. कन्व्हर्टिबलमध्ये कडक बॅग विसरा, मऊ पिशव्याच न्या.

इंजिनं कोणती होती, आणि आवाजाची एवढी चर्चा का?

सुरुवातीला तीन पर्याय. ३.० लिटर सुपरचार्ज्ड व्ही६, एक ३४० पीएसचं (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती) आणि एक ३८० पीएसचं. वर ५.० लिटर सुपरचार्ज्ड व्ही८, ४९५ पीएसचं. गिअरबॉक्स झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक. कूपे आली तेव्हा आर नावाची ५५० पीएसची आवृत्तीही आली.

व्ही६ ची एक गंमत आहे. ते मुळात व्ही८ चंच भावंड. सिलिंडरांच्या दोन रांगांमधला कोन ९० अंश, हा व्ही८ साठी योग्य. व्ही६ साठी साधारणतः ६० अंशांचा कोन घेतात. एकाच उत्पादन-रांगेवर दोन्ही बनावीत म्हणून हा मार्ग निवडला आणि थरथर कमी करायला तोल सांभाळणारे जादा शाफ्ट बसवले.

आवाज जाणूनबुजून घडवलेला आहे. एग्झॉस्टमधल्या झडपा कमी वेगात बंद असतात आणि इंजिनाचे फेरे वाढले की उघडतात, मग धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर पडतो. पाय उचलल्यावर येणारे फटाके हे इंजिनच्या संगणकात लिहिलेलं काम. काहींना ते नाटकी वाटतं. मला व्ही६ चा वरच्या पट्टीतला स्वर व्ही८ च्या गर्जनेहून जास्त आवडतो, तो कृत्रिम असला तरीही.

पुढे काय काय बदललं?

२०१४ च्या अखेरीस लॉस एंजेलिसला दोन परस्परविरोधी गोष्टी एकदम जाहीर झाल्या. चारही चाकांना ताकद देणारी आवृत्ती, आणि सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. मॅन्युअल फक्त व्ही६ आणि मागच्या चाकांच्या आवृत्तीला. त्याच फेरीत हायड्रॉलिक स्टिअरिंग जाऊन इलेक्ट्रिक आलं.

२०१७ मध्ये २.० लिटर टर्बो चार-सिलिंडर इंजिन आलं, ३०० पीएसचं. जॅग्वारच्या स्पोर्ट्स कारमध्ये चार सिलिंडर म्हटल्यावर नाकं मुरडली गेली, पण ही गाडी व्ही६ पेक्षा ५२ किलोंनी हलकी आणि ते वजन मुख्यतः पुढच्या चाकांवरून उतरलेलं. घाटाच्या वळणांवर या हलक्या नाकाला मोल आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये चेहरा बदलला. उभ्या दिव्यांच्या जागी बारीक आडवे दिवे आले, आत १२.३ इंची डिजिटल मीटर आला. तोवर कॅलम कंपनी सोडून गेला होता, हे काम ज्युलियन थॉमसनच्या नेतृत्वाखाली झालं. युरोपातून व्ही६ बाद झालं, मॅन्युअलही गेलं. नवा चेहरा नीटनेटका आहे, पण पहिल्या गाडीच्या उभ्या दिव्यांमुळे बॉनेटच्या रेषा जशा पुढे वाहत यायच्या, तशा यात येत नाहीत.

प्रोजेक्ट ७ आणि एसव्हीआर म्हणजे काय?

प्रोजेक्ट ७ ही फक्त २५० गाड्यांची मर्यादित आवृत्ती, ५७५ पीएस, बुटकी काच आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागे पाठीवरच्या कुबडासारखा उंचवटा. ल मॉं शर्यतीतल्या जॅग्वारच्या सात विजयांवरून हे नाव: १९५१, ५३, ५५, ५६, ५७, आणि मग थेट १९८८ आणि ९०. एसव्हीआर २०१६ ची, तीही ५७५ पीएस. टायटॅनियम आणि इनकोनेल (उष्णता सोसणारा निकेलचा मिश्रधातू) यांच्या एग्झॉस्टने १६ किलो वाचवले. कूपेचा सर्वोच्च वेग ताशी ३२२ किलोमीटर, कन्व्हर्टिबलचा ३१४. टपामुळे गेलेला वेग म्हणजे हे आठ किलोमीटर.

ही भारतात मिळत होती का? पुण्यात बनायची का?

मिळायची. २०१३ च्या जुलैमध्ये इथे दाखल झाली तेव्हा व्ही६ एसची एक्स-शोरूम किंमत सुमारे १.३७ कोटी आणि व्ही८ एसची १.६१ कोटी होती. पुण्यातल्या कारखान्यात जॅग्वार लँड रोव्हरच्या काही गाड्यांची जुळणी होते, पण एफ-टाइप कधीच तिथे जुळली नाही. ती पूर्ण तयार अवस्थेत आयात व्हायची, आणि त्यावरचं जबर आयातशुल्क किमतीत उतरायचं. ब्रिटनमध्ये हीच कन्व्हर्टिबल ५८,५०० पौंडांच्या आसपास सुरू व्हायची आणि कूपे त्याहून सुमारे सात हजार पौंडांनी स्वस्त.

आपल्या पावसात कापडी टप टिकतो का?

टिकतो, काळजी घेतली तर. ओला टप घडी करून ठेवू नका, बुरशी धरते. टपाच्या कडेने पाणी वाहून जाण्याच्या नळ्या असतात, त्यांत पानं आणि माती अडकली की पाणी केबिनमध्ये उतरतं. मृगाच्या आधी त्या साफ करून घ्या. प्रेशर वॉशरची धार जवळून मारू नका. आणि गाडी आंब्याखाली लावू नका, चिकाचे डाग कापडावरून निघता निघत नाहीत.

मग बंद का केली?

फेब्रुवारी २०२१ मध्ये जॅग्वारने पूर्णपणे इलेक्ट्रिक ब्रँड होण्याचा निर्णय जाहीर केला. एफ-टाइपचा ॲल्युमिनियमचा सांगाडा पेट्रोल इंजिनाभोवती आखलेला, त्यात जमिनीलगत सपाट बॅटरी बसवायला जागाच नाही. त्यातून अशा गाड्यांचा बाजारही आक्रसत होता. २०२४ मध्ये उत्पादन थांबलं. शेवटची गाडी कन्व्हर्टिबल होती, हिरव्या रंगाची, काळा टप आणि तपकिरी चामड्याच्या सीटची. ती विकली गेली नाही, कंपनीच्या वारसा-संग्रहात ठेवली. अकरा वर्षांत ८७ हजारांहून थोड्या अधिक एफ-टाइप बनल्या.

आज वापरलेली घ्यायची तर कोणती?

माझं मत स्पष्ट आहे: ३८० पीएसची व्ही६ कूपे, मागच्या चाकांची. इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्यांना मॅन्युअल मिळाली तर सोडू नये, ती फार थोड्या लोकांनी घेतली. व्ही८ जास्त वेगवान आहे, पण तिच्या ताकदीपुढे मागचे टायर सतत हार मानतात आणि तो वेग वापरायला रस्ता मिळत नाही. उघड्या गाडीचाच ध्यास असेल तर चार-सिलिंडरची कन्व्हर्टिबल बघा.

घेण्यापूर्वी कूलंटच्या प्लॅस्टिक नळ्या आणि वॉटर पंप आवर्जून तपासा. व्ही६ आणि व्ही८ दोन्हींत या नळ्या उष्णतेने कडक होऊन तडकतात, आणि इंजिन तापलं तर दुरुस्तीचा खर्च डोळे पांढरे करतो. बॉडीला मार बसलेला असेल तर तो कुठे दुरुस्त केला ते विचाराच. रिव्हेट आणि चिकटद्रव्याची बॉडी कोपऱ्यावरच्या गॅरेजात वेल्ड करून चालत नाही. कूपेचा तो बाजूचा एकसंध पत्रा तर बदलायचा म्हटलं, तर छताच्या कडेपर्यंत गाडी उकलावी लागते. टायरची झीज, सर्व्हिसच्या नोंदी, मॅन्युअल असेल तर क्लच, आणि कन्व्हर्टिबल असेल तर टप तीन-चार वेळा उघड-बंद करून बघा, त्यातला एकदा तरी चालत्या गाडीत.